बिनवासाचं

जांभळ्या कागदावर छापलेलं फूल पाच पाकळ्यांचं होतं, आणि ते कोणतं, हे उत्तराला इतक्या वर्षांत एकदाही ठरवता आलं नव्हतं. मोगरा म्हणावा तर पाकळ्या कमी, जाई म्हणावी तर देठ जाड… आणि वास तर दोन्हींचा नव्हेच. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटमध्ये, कडी धड न लागणाऱ्या दाराला पाठ टेकवून ती तळहातावरच्या त्या चौकोनी घडीकडे बघत उभी होती. पॅडवरचा कागद अजून फोडलाही नव्हता, तरी वास बाहेर आलाच होता—टॅक्सीच्या आरशाखाली लटकणाऱ्या पुठ्ठ्याच्या झाडासारखा, नुकत्याच पुसलेल्या हॉटेलच्या लॉबीसारखा, गोड, आणि त्या गोडाच्या मागे काहीतरी झोंबणारं. तिनं कागद फोडला. आता झोंबणं नुसतं नाकातच राहणार नव्हतं.

उन्हाळ्यापासून हे चाललं होतं. महिन्याचे ते दिवस आले की आग आणि खाज, दिवस संपले तरी पुढे कितीतरी काळ. आधी वाटलं, दिल्लीचा उन्हाळा. मग वाटलं, वय. सेहेचाळिसाव्या वर्षी बाईच्या अंगात जे काही होतं त्याला वय हे उत्तर चालतंच. कपड्यांचा साबण बदलून झाला, खोबरेल तेल लावून झालं. शेवटी ती सरकारी दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवरून मान वर न करता म्हणाल्या, "ख़ुशबूवाले पैड बंद कीजिए. सादे लीजिए." आणि पुढच्या बाईला हाक मारली. जसं काही सादे म्हणजे कुठेही मिळतात. जसं काही बंद करायचं म्हणजे नुसतं बंद करायचं असतं.

मयूर विहारमध्ये सोसायटीच्या फाटकाजवळच्या केमिस्टकडे तिनं विचारलं होतं. पाकीट काळ्या पिशवीत घालता घालता तो थांबला आणि भर दुकानात म्हणाला, "बिना ख़ुशबू का? मैडम, लोग तो ख़ुशबूवाला माँगते हैं." तरी त्यानं एक काढून दिलं. घरी येऊन उघडलं तर तोच गोडवा, फक्त जरा लांबून आल्यासारखा. पाकिटावर पंख होते, चंद्र होता, ढग होते, रात्रभर निश्चिंत राहण्याचं वचन होतं. वास आहे की नाही, एवढंच कुठं छापलेलं नव्हतं. मग एका रविवारी मॉलमध्ये, पॅडच्या रॅकसमोर उभी राहून ती एकेक पाकीट नाकाशी धरत होती—प्लास्टिकमधून वास येईना, आणि येईना म्हणजे नाही असंही म्हणता येईना—तेवढ्यात दुकानातली मुलगी जवळ आली. "मैडम, कुछ हेल्प करूँ?" आणि उत्तरा, केंद्र सरकारच्या मंत्रालयातली सेक्शन ऑफिसर उत्तरा, म्हणाली, "बिस्किट कहाँ हैं?"

बिस्किटंच घेऊन आली होती ती घरी.

खरं सांगायचं तर, सादं मिळालं नाही याचं तिला त्या दिवशी थोडं बरंही वाटलं होतं. हे तिला कळत होतं आणि कळत नव्हतं. आग नको होती, पण वास जायलाही नको होता. कारण तो गेला तर त्याच्या खालचं जे काही होतं ते… म्हणजे काय होतं खाली? तिनं तरी कुठं कधी पाहिलं होतं.

आजच सकाळी मेट्रोत, लेडीज डब्यात, यमुना बँक स्टेशनच्या पुढे समोर उभ्या असलेल्या एका तरुण मुलीनं गळ्यातला मास्क वर ओढून नाकावर चढवला. नोव्हेंबर होता; बाहेर धुराचा राखाडी पडदा, अर्ध्या डब्याच्या तोंडावर मास्क. तरीही उत्तराच्या मानेवर काटा आला. आत्ताच का चढवला? मी आले म्हणून? की दार उघडून धूर आत आला म्हणून? ती दोन खांब पलीकडे सरकली. मुलीनं मास्क काढला नाही. म्हणजे धूरच. किंवा मी पुरेशी लांब गेले नाही.

ही सवय कधीची? सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली लहानपणची एक संध्याकाळ तिला आठवत होती. नाना, तिचे वडील, ऑफिसातून आलेले, बूट काढता काढता म्हणाले, "काय गं, कसला वास येतोय घरात?" बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. मागच्या गल्लीतली मोरी सारखी तुंबायची, त्याचाही असेल. पण आईचा चेहरा… आई हातातली कणीक तशीच टाकून न्हाणीघरात गेली, आणि आतून किती तरी वेळ बादलीचा, पाण्याचा, कापड आपटल्याचा आवाज येत राहिला. मागच्या व्हरांड्यात मोठ्या टॉवेलच्या आड कसल्या तरी घड्या वाळत असायच्या, त्या कसल्या, हे उत्तराला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नाही. बाईच्या अंगातून असा काही वास येतो की तो घरभर होतो आणि कणीक टाकून उठावं लागतं, एवढं तिला न सांगताच समजलं. मोरीचा की आईचा, हे नाना कधी बोलले नाहीत. नाना आता नाहीत, आईही नाही. विचारणार कुणाला?

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा ते जांभळं पाकीट हातात आलं, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. आईला हे मिळायला हवं होतं, असंही वाटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत नीलम भाटिया नेहमीसारखी खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी आली. दोघी कित्येक वर्षं एकाच सेक्शनमध्ये. नीलमचे पराठे आणि उत्तराची उसळ यांची अदलाबदल ठरलेली. पराठा मोडता मोडता नीलम म्हणाली, "आज तू चाय के साथ एक गोली ले ही ले. पेट दुख रहा होगा ना?"

"तुझे कैसे पता?"

"अरे यार," नीलम हसली, आणि ते हसणं मायेचंच होतं, त्यात शंका नको, "तेरी वो ख़ुशबू. हर महीने पता चल जाता है. हम सबको पता है, उत्तरा."

हम सब. उत्तरानं घास गिळला. हम सब म्हणजे कोण? नीलम, टायपिंगच्या दोघी… की पलीकडचे गुप्ताजीही? गेल्या पावसाळ्यात ती सही घ्यायला आत गेली असताना अंडर सेक्रेटरींनी उठून खिडकी उघडली होती; तिला वाटलं होतं, साहेबांना उकडतंय. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला पडदा समजत होते ती घंटा होती? दर महिन्याला स्वतःच्या हातानं गळ्यात बांधून मी या जिन्यांवरून, या कॉरिडॉरमधून… तिला हसूही येत होतं, आणि डोळ्यांत पाणीही, आणि पराठ्याची चवही कळत होती, आणि यातलं नेमकं खरं कोणतं ते समजत नव्हतं. लपवलेलं उघडं पडलं होतं, पण ज्याची भीती होती ते नव्हेच. ते तर अजून कुणी पाहिलंच नव्हतं. मग मी नक्की काय लपवलं, आणि कुणापासून?

दुपारभर ती एक फाईल घेऊन बसली आणि एकच परिच्छेद वाचत राहिली. निघताना पर्समधलं जांभळं पाकीट तिनं टॉयलेटमधल्या डस्टबिनमध्ये टाकलं, वर कागदी रुमाल टाकले, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की आता घरीसुद्धा एकही शिल्लक नाही. फाटकाजवळच्या केमिस्टकडे गर्दी होती. ती पायरी चढली, आणि उतरली.

घरी देविका टेबलावर पाय ठेवून केमिस्ट्री करत बसली होती. अकरावीतली लेक, कानात इअरफोन. उत्तरानं तिच्या खांद्याला हात लावला.

"देविका, तुझ्याकडे एखादं पॅड आहे?"

देविकानं न बघताच खालचा ड्रॉवर ओढला. आत एक पांढरं पाकीट होतं, अगदी साधं. ना फूल, ना चंद्र. उत्तरानं एक काढलं, आणि लेकीसमोरच नाकाशी नेलं. काही नाही. कापूस, कागद… नवी उशी उसवली तर येईल, इतपत काहीतरी. तिनं पुन्हा हुंगलं. मॉलमधली मुलगी, केमिस्ट, डॉक्टरीणबाई, सगळे एकदम आठवले, आणि हे इथं, भिंतीपलीकडे, तिच्याच घरात होतं.

"हे कुठून आणलंस?"

"बाबा मागवतो ना. फोनवरून." देविकानं एक इअरफोन काढला. "नाइन्थपासून. तुझेवाले लावले की मला रॅश यायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, यार आई." आवाजात तक्रार नव्हती, नुसती आठवण करून देणं होतं. "तू म्हणालीस, होईल सवय. वास आलेला चांगला नाही म्हणालीस."

उत्तराला आठवेना. म्हणाली असेन का मी असं? शब्द माझेच वाटतात. पण कधी? कुठं उभी होते तेव्हा, हातात काय होतं? कणीक तर नव्हती? लेकीला आग होत होती, आणि मी म्हणाले, होईल सवय. आणि पुढं स्वतःला तीच आग झाली तेव्हा उन्हाळा म्हणाले, वय म्हणाले, साबण बदलला. देविकाला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही.

"तुला पण रॅश येतात?" देविकानं विचारलं. दुसरा इअरफोनही आता तिच्या हातात होता.

"हो," उत्तरा म्हणाली. हे तिनं घरात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"मग घे ना. पूर्ण पॅकेट घे. अच्छा, आणि खोबरेल नको लावूस हं, त्यानं मला काही फरक पडला नव्हता."

अनुराग आला तो मेथीच्या दोन जुड्या घेऊन. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो निवडायला बसला. भाजी निवडणं हे त्याचं काम, लग्न झाल्यापासून. उत्तरा देविकाचं पॅड लावून, कपडे बदलून आली होती. ती समोर बसली, उठली, पुन्हा बसली.

"तू देविकाला पॅड मागवून देतोस?"

"हो. का गं, काय झालं?"

"मला कधी बोलला नाहीस."

"मला वाटलं तुला माहीत आहे." तो खरोखरच गोंधळला होता. "घरातच तर ठेवलेले असतात."

"मग माझ्यासाठी का नाही मागवलेस?"

अनुरागनं हातातली काडी खाली ठेवली. "तुला तो वास आवडतो ना?"

आवडतो? हा शब्द त्या वासाशेजारी ठेवून तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिला विचारावंसं वाटलं, तुला कुणी सांगितलं? पण कुणी सांगायची गरजच कुठं होती. बाई वर्षानुवर्षं तेच आणते म्हटल्यावर आवडत असणार, असंच कुणीही समजेल. "आणि तुला?" तिनं विचारलं.

तो विचार करत होता. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून वेळ लागत असे. "पहिल्यांदा डोकं दुखायचं," तो म्हणाला. "आता काही नाही. आता तो वास तुझाच वाटतो."

आत देविका काहीतरी पुटपुटत पाठ करत होती. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा सूर वाजत होता. उत्तरानं एक जुडी पुढ्यात ओढली आणि पानं खुडायला लागली. राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. अनुरागवर काढावा तर तो समोर निरागस बसलेला, स्वतःवर काढावा तर त्या स्वतःचा वास कुठल्याशा कारखान्यातल्या बाटलीतून आलेला. माझाच वाटतो. म्हणजे मी गेले, तर हा त्या वासावरून मला आठवेल? आणि मी स्वतःला कशावरून आठवू?

आग कमी होती, की कमी वाटत होती. तिनं हळूच, खांदा न हलवता, श्वास आत घेतला. मेथीचा कडूपणा. बोटांवर माती. अनुरागच्या शर्टाला धुराचा वास. आणि या सगळ्याखाली, अगदी खाली, आणखी काहीतरी होतं… कोमट, धातूसारखं, फारसं गोड नाही, घाणही नाही. की मनाचे खेळ? तिनं त्याला नाव शोधून पाहिलं. सुवास म्हणता येईना, दुर्गंधही म्हणता येईना. आणि या दोहोंच्या मधल्या जागेसाठी तिच्याजवळ शब्दच नव्हता. इतके दिवस उठून लांब जायची वेळ हीच असायची. खिडकीशी, गॅलरीत, निदान टेबलाच्या त्या टोकाला. पाय तयारही झाले होते. पण जायचं कशापासून, हे आधी ठरायला हवं होतं, आणि ते ठरत नव्हतं. ती बसून राहिली. पुन्हा एकदा श्वास घेतला, जरा खोल, कुणी आपल्याकडे बघतंय का याची काळजी न करता—अनोळखी माणसाचा चेहरा नीट पाहून घ्यावा, कुठं तरी पाहिलाय का याला, असं—आणि तिला वाटलं, पाहिलाय. किंवा नाही. अजून नक्की सांगता येत नव्हतं.