अनामत परत

काच घासायचे यंत्र नवऱ्याने एकदम थांबवले होते. भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमी आम्हा नवरा-बायकोकडे पाहत होत्या. डोळ्यांवाचून पाहणे त्यांना छान जमते.

मी एवढेच विचारले होते, "भाऊजींचे ईमेल कधीपासून येतायत?"

चष्म्याच्या आमच्या दुकानाच्या पत्त्यावर पूर्वी जाहिरातींचा असा चिखल साचे, की गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी त्यात रुतून बसत. म्हणून गेल्या वर्षी मीच ही सोय घेतली. अनोळखी माणसाने ईमेल पाठवताना थोडी अनामत ठेवायची. वाचून हवेसे वाटले तर 'परत' दाबायचे, पैसे त्याचे त्याला. नकोसे वाटले तर 'जप्त', पैसे आपले. एकाला लिहिणाऱ्याला हे परवडते; लाखांना लिहिणाऱ्याचे कंबरडे मोडते. चिखल ओसरला. आज नवऱ्याऐवजी मी ईमेल उघडले, तर तळाशी भाऊजी.

वाटणीच्या भांडणात दुकान सोडून गेलेले त्याचे थोरले भाऊ. ओळखीच्या यादीतून त्यांचे नाव याने तेव्हाच खोडलेले. सख्खा भाऊ अनामत ठेवून लिहीत होता, आणि आधीच्या प्रत्येक ईमेलपुढे एकच शेरा होता : परत.

"उत्तर एकालाही नाही," मी म्हणाले, "पैसे मात्र दर वेळी परत?"

"फुकटचा पैसा पचत नाही मला."

"काल त्या कर्जवाल्यांचे जप्त करून चहा प्यायलास, तो बरा पचला!"

हसू दाबत तो काच पुसू लागला. पुसलेलीच काच.

"वाचतोस, म्हणूनच परत करतोस. आणि तेच पैसे ठेवून ते पुन्हा लिहितात."

तो काच पुसतच राहिला. मग आजचा ईमेल मी मोठ्याने वाचला : 'डोळे अधू झालेत. दुसऱ्याच्या हातचा चष्मा माझ्या नाकावर ठरत नाही. आता नुसते पैसे धाडू नकोस. ये म्हण, नाहीतर हे शेवटचं.'

"नाक पहिल्यापासून मोठंच आहे त्याचं," तो पुटपुटला.

"मग? काय कळवू त्यांना?"

यंत्राशेजारच्या दुसऱ्या स्टुलावर, भाऊजींच्या स्टुलावर, कित्येक वर्षांची खोकी रचलेली होती. त्याने ती एकदम उचलली, हनुवटीने सावरली, आणि ती घेऊन आत निघून गेला.