निम्मी जपानी मिठाई

नागपूरच्या इतवारीतल्या ‘जपानी मिठाई भांडारा’तली मिठाई कुणी हौसेनं खात नसे, तरी पन्नास वर्षं दुकान उत्तम चाललं होतं. दुकान सांभाळणाऱ्या सिंधूताईंचे सासरे दादाजी सोनकुसरे गिरणीत यंत्रं बसवायला आलेल्या एका जपान्याकडून ती शिकले होते. चिकट तांदूळ शिजवून उखळात कांडायचा, गोळा करायचा, आत लाल चवळीचं पुरण भरायचं. गोळा तोंडात गेला की वरचे दात खालच्यांना असे धरून बसत की पाव तास शब्द फुटत नसे. म्हणून लग्नात मानपानावरून कुरबुर सुरू झाली की व्याह्यांना आधी हा गोळा भरवायचा, अशी उमरेडपासून कामठीपर्यंत रीतच पडली होती.

चौऱ्याहत्तर साली मधुकरराव नावाचे अन्नखात्याचे तपासणी साहेब आले. म्हणाले, “जपानी कशावरून? पुरावा आणा, नाहीतर पाटी उतरवा.”

सिंधूताईंचे यजमान बळीराम यांनी हाय खाल्ली. “बाबा गेले, तो जपानीही गेला. आता पुरावा कुठून आणू वं?”

“मले एक जपानी ठाऊक हाये,” सिंधूताई म्हणाल्या.

विहारात एक म्हातारे जपानी भन्तेजी राहत. आठ वर्षांत ते अगदी नागपुरी बोलायला लागले होते. सिंधूताईंनी त्यांना रिक्षात बसवून साहेबांच्या कचेरीत नेलं.

भन्तेजींनी गोळा तोंडात टाकला. साक्षीला खोट नको म्हणून साहेबांनीही एक घेतला. मग दोघं समोरासमोर बसून राहिले. कामासाठी आलेली माणसं दारातून डोकावत आणि आत कुणाचं तरी निधन झालंय असं समजून चपला हातात घेऊन परत जात.

शेवटी भन्तेजींचे दात सुटले. “निम्मी जपानी हाये. निम्मी नाही.”

“कोणती निम्मी?” साहेबांनी चाचरत विचारलं.

“तेच तर समजून नाही राहिलं,” असं म्हणून भन्तेजींनी दुसरा गोळा उचलला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि घाईघाईनं हुकूम लिहिला.

पाटीवर ‘निम्मी’ शब्द चढला. बळीराम लाजेनं तीन दिवस दुकानात बसले नाहीत; मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चौथ्या दिवशी गल्लीतल्या रुखमाबाई मिठाई घ्यायला आल्या. “मले जपानी निम्मीच दे वं. दुसरी आमच्या घरी चालत नाही.”

सिंधूताईंनी सुरीनं गोळ्याचे दोन भाग केले, दोन्ही नीट न्याहाळले आणि डावीकडचा पानात बांधून दिला. रुखमाबाई समाधानानं गेल्या.

बळीराम उठून बाहेर आले. “तुले कसं समजलं?”

“कांडते कोण,” सिंधूताई म्हणाल्या, “मी का तुम्ही?”