बाराच्या आत

बारकीने मास्कचा पट्टा दादाच्या डोक्यामागून घट्ट ओढला आणि कडेने बोट फिरवून पाहिलं. कुठून हवा निसटत नव्हती. आतून दादा काहीतरी पुटपुटला. शब्द कळले नाहीत, पण डोळे हसत होते, म्हणजे चेष्टाच असणार. जागेवरून न हलणाऱ्या त्या सायकलवर बसल्यापासून त्याची टकळी चालू होती. ही कसली सायकल, हिला ना घंटी ना दिवा, हिच्यावरून माणूस पडणार तरी कसा! छातीवर चिकटवलेल्या तारांच्या जंजाळातही तो शर्यतीला निघाल्यासारखा पुढे वाकून बसला होता.

एकेकाळी तो खरोखरच शर्यतीत उतरायचा. घाटाचा चढ लागला की बाकीचे मागे पडायचे आणि दादा पुढे. मग एका साध्या तापाने घात केला. ताप गेला, पण हृदयाचा स्नायू जो सैल पडला तो पडलाच. आता तो जिन्याच्या मधल्या वळणावर भिंत धरून उभा राहायचा, आणि कुणी पाहिलंच तर रंग कसा उडालाय बघ, असं म्हणून विषय भिंतीवर ढकलायचा.

त्याला दुसरं हृदय हवं होतं. त्यासाठीच्या यादीत नाव घ्यायचं की नाही हे समिती ठरवणार होती, आणि समितीपुढे सगळ्यात आधी जाणार होता आजचा आकडा. पार दमेपर्यंत पाय मारले तर शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, त्याचा. तो बाराच्या आत राहिला तर नाव लागेल. वर गेला, तर याचं स्वतःचं हृदय अजून काम देतंय असं धरून सहा महिन्यांनी परत बोलावतील. सहा महिने! दादाचे सुजलेले घोटे रोज पाहणाऱ्याने तेवढं पुढचं बघावं तरी कसं?

बारकी हेच शास्त्र शिकत होती. सकाळी खेळाडूंच्या प्रयोगशाळेत, दुपारी प्रशिक्षणासाठी या रुग्णालयात. यंत्र तेच, मास्क तोच, फक्त तिकडे आकडा वाढला की टाळ्या पडायच्या. आकडा बाराच्या आत राहायला हवा, हे दादाला तिने सांगितलं नव्हतं. चाचणी घेणाऱ्या बाईंचा तसा दंडकच होता. आकड्याचं गणित कळलं की माणूस मुद्दाम ढिला पडतो आणि चाचणी वाया जाते. पण बाईंनी बजावलं नसतं तरी ती गप्पच राहिली असती. जन्मभर जिंकायला निघालेल्या माणसाला, आज जिंकू नकोस, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

“दमलात की हात वर करा,” बाई दादाला म्हणाल्या. “इथे शर्यत नाही.”

दादाने अंगठा दाखवला.

खरं तर नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं. बाईंनी बारकीला विद्यार्थिनी म्हणून आत राहू दिलं होतं, तेही मूग गिळून उभं राहायच्या अटीवर. ती दादाच्या पाठीमागे, पडद्यावर नजर ठेवून उभी राहिली. पेडल हळूहळू जड होत गेली. आकडा नवावर आला, दहावर आला. दादाचे खांदे डुलायला लागले, गुडघे बाहेर फाकायला लागले. पडद्याच्या कोपऱ्यात दमछाक खरी असल्याची खूण उमटली. आता तो थांबला तरी चाचणी पक्की होती, कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. आकडा अकराच्या जरा पुढे होता. थांब, दादा, ती मनात म्हणाली. थांब ना रे. कुणी हरावं म्हणून तिने आयुष्यात कधी असे देव पाण्यात ठेवले नव्हते.

दादाचे पाय मंदावले. पेडलची घरघर खाली आली.

तिकडे प्रयोगशाळेत खेळाडूची पेडल अशी मंदावली की ओरडायचं असतं. तेच काम. माणसाला शेवटच्या टोकापर्यंत न्यायचं तर मागून कुणीतरी ओरडणारं लागतं, आणि बारकीचा आवाज त्यासाठी नावाजलेला होता. ते तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात विचार असा उरलाच नव्हता. कानावर ती घरघर पडली आणि तोंड उघडलं.

“सोडू नकोस! चल, अजून थोडं, चल, चल!”

आवाज खोलीभर झाला, आणि तो आपलाच आहे हे तिला नंतर कळलं. दादाने मान खाली घातली, दांडी आवळली आणि पाय पुन्हा फिरू लागले. बाईंनी वळून पाहिलं. बारकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आकडा बाराला टेकला, तिथे जरासा घुटमळला आणि पुढे गेला.

दादाला खाटेवर आडवं केल्यावर, त्याचा श्वास जागेवर आल्यावर, ती बाईंच्या टेबलापाशी गेली. पुन्हा घेता येईल का, तिने विचारलं. कोणत्या कारणाने, बाईंनी विचारलं. यंत्र ठीक होतं, दमछाक खरी होती.

“मी ओरडले.”

“ओरडायला मनाई नाही.” बाई कागद सारखे करत राहिल्या. “मी ओरडत नाही, एवढंच.”

डॉक्टरांच्या कानावर घालते, असंही त्या म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी बारकीकडे पाहिलं नाही, आणि तिथेच बारकीची उरलीसुरली आशा संपली. तिने स्वतःला समजावलं, की दादा तसाही थांबला नसता. हा कधी कुणाचं ऐकून थांबलाय? आपण ओरडलो काय, न ओरडलो काय, तो पुढे गेलाच असता. एवढा एकच विचार हाताशी होता. तो धरून तिने दादाला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि बाहेर आणलं.

वहिनी बाकावर बसली होती. ती उठली, पण तिच्याने विचारवेना.

“पास,” दादा म्हणाला. वहिनीचा चेहरा उजळला. “तुला शब्द दिला होता ना, दमलो की थांबेन म्हणून? देवाशपथ, थांबणार होतो. दांडीवरून हात सुटलाही होता. तेवढ्यात ही मागून ओरडली.” त्याला धाप लागली, तरी तो हसत होता. “मग म्हटलं, बारकी एवढी शिकलीय, कुठवर जायचं ते तिला बरोबर ठाऊक असणार. आता बघ, देतील. अगदीच मेल्या माणसाला कोण नवं हृदय देतं?”

वहिनीने बारकीचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते.

“तू आत होतीस म्हणून झालं गं,” ती म्हणाली.

बारकीने हात सोडवून घेतले आणि खुर्ची ढकलायला लागली. खुर्ची हलेना. ती तशीच जोर लावत राहिली. शेवटी वहिनीनेच वाकून पाहिलं आणि चाकाच्या ब्रेकची कळ सोडली.