तळाच्या सांध्यातला गुलाबी दाणा

रविवार होता, आणि सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण समोरच्या भिंतीवरचं घड्याळ आणि मी दिवसभर एकमेकांकडे तोंड करूनच असतो. त्या वेळी रूपालीनं मला फळीवरून खाली घेतलं, दाराची कडी आतून लावली, दोनदा ओढून बघितली, आणि माझ्यातल्या आठवड्याच्या ज्वारीत वाटीभर गुलाबी दाणे मिसळले.

मी एक डबा बोलतोय. पाच किलो वनस्पती तुपाचा, पत्र्याचा. तूप संपल्यावर जालना एमआयडीसीतल्या एका खानावळीनं मला भंगारात टाकलं होतं. तिथून वस्तीत पाळणाघर चालवणाऱ्या प्रभावतीताईंनी मला आणि माझ्यासारख्या एकतीस जणांना उचललं. राखेनं घासलं. कुणाचा हात कापू नये म्हणून कडा ठोकून घेतल्या. पोटावर पांढऱ्या रंगानं एकच शब्द लिहिला, 'मूठ'. आणि वस्तीतल्या बत्तीस घरांत आम्हाला एकेक करून बसवलं.

काम सोपं होतं. सकाळी गॅस पेटवायच्या आधी घरातल्या बाईनं मूठभर ज्वारी माझ्यात टाकायची. रविवारी ताई आणि वस्तीतल्या दोन-तीन बाया पोतं घेऊन यायच्या, ज्वारी ओतून न्यायच्या. त्यावर समाजमंदिराच्या मागच्या खोलीतलं पाळणाघर चालायचं. अठरा लेकरं होती. त्यांच्या आया बियाण्याच्या कारखान्यात, नाहीतर कुणाच्या घरी कामाला. लेकरं सांभाळणाऱ्या बायाही वस्तीतल्याच, पाळीपाळीनं येणाऱ्या. पगार कुणालाच नव्हता.

रूपालीला तीच गोष्ट खुपायची. टेंभुर्णीकडची पोर, लग्न होऊन इथं आलेली. नवरा धम्मपाल सळ्यांच्या कारखान्यात. लेक अक्षता सव्वा वर्षाची. अक्षता जास्त झोपली तरी हिला काळजी, कमी झोपली तरी काळजी. अशा बाईनं आपलं लेकरू दिवसभर दुसऱ्याच्या हातात द्यायचं, म्हणजे तिचा जीव मुठीतच.

"पगार न्हाई म्हणते प्रभावतीताईला. मंग एवढ्या उन्हात कशाला फिरून राह्यली ती?" एकदा तिनं धम्मपालला विचारलं.

"हौस असंल तिला."

"हौसंनं कोणी दुसऱ्याच्या लेकराचा शेंबूड पुसतं का?"

धम्मपाल बूट घालता घालता म्हणाला, "तू तर घरच्याचा पण माझ्याच रुमालाला पुसतीस."

तो हसत गाडीवर बसून गेला. ती नाही हसली.

त्यात शेजारच्या झुंबरबाईनं भर घातली. "मी सवता पाह्यलं पोरी. धान्याच्या मोंढ्यात टेम्पोतून उतरली तुमची ताई. संगं ज्वारीचे दोन कट्टे. जाताना कट्टे अन् येताना नुसती पिशवी. काय समजायचं ते समज."

खोटं कशाला बोलू, मलाही संशय आलाच. आठवडाभर पोट भरायचं आणि रविवारी उलटं व्हायचं. पुढं त्या ज्वारीचं काय होतं, हे डब्याला कोण सांगतंय? रूपालीलाही कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिनं विचारलं नव्हतं.

विचारायच्या ऐवजी तिनं खूण करायची ठरवली. ती कारखान्यात बियाणं निवडायची. तिथलं औषध लावलेलं बी गुलाबी असतं, पोत्यात दहा हातांवरून दिसतं. तिच्या डोक्यात आलं, आपली ज्वारी अशीच रंगवू, आणि मंगळवारच्या बाजारी मोंढ्यात कुणाच्या ढिगात गुलाबी दाणा दिसला की ताईला तिथंच पकडू. अक्षताच्या वाढदिवसाला खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. त्यातला खायचा रंग पुडीत उरला होता. तिनं दाणे भिजवले, रंगवले, सुकवले. आधी दोन दाणे स्वतः चावून बघितले, मगच माझ्यात टाकले.

रंग लांबून दिसतो एवढंच तिला आठवलं. तो कशासाठी देतात, हे रोज बघूनही विसरली. बी विषारी आहे, तोंडात घालू नका, हे अडाण्यालाही कळावं म्हणून देतात तो रंग.

दहा वाजता ताई आल्या. "जयभीम रूपाली. अक्षता खोकते का अजून?" असं विचारून त्यांनी मला पोत्यात पालथं केलं. आतलं बघितलंसुद्धा नाही. त्यांना आमच्यावर संशय घ्यायची सवय नव्हती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, घरात जे बोलणं झालं त्यावरून सांगतो. सोमवारी पाळणाघरात ज्वारी निवडायला घेतली, आणि सुपात गुलाबी दाणे दिसले. आमच्या भागात ते कशाचे, हे कुणाला विचारावं लागत नाही. निवडणारी बाई सूप टाकून उठली. ताईंनी चुलीवरचं खाली उतरवलं, सगळं पोतं खड्ड्यात पुरलं आणि आयांना कामावरून बोलावून लेकरं घरोघर पोचती केली. दुपारपर्यंत रूपालीच्या मोबाइलवर मेसेज आला. 'पाळणाघराच्या ज्वारीत विष. लेकरं पाठवू नका. पुढे पाठवा.'

रूपालीनं तो तीनदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. पत्र्याला घाम येत नाही, तिला आला.

ती बोलली नाही. बोललं तर लेकराला परत घेणार नाहीत, वस्ती थुंकेल, पोलीस येतील, असं काय काय तिच्या मनात चालत असणार. धम्मपालनं विचारलं, "कोणी केलं असंल?" ती म्हणाली, "मला काय म्हाईत." आवाज इतका बारीक की मला वाटलं, आता तरी हा ओळखील. तो जेवत राहिला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. तिचे खाडे पडले. मुकादमाचा फोन आला की उद्या आली नाहीस तर दुसरी बाई लावतो. धम्मपालची दिवसपाळी. गुरुवारी सकाळी तिनं ओढणी घेतली, एक टोक अक्षताच्या घोट्याला बांधलं आणि दुसरं बाजेच्या पायाला. गाठ तपासली. सैल केली. पुन्हा आवळली.

"जा तू. मी हाय दारात," झुंबरबाई म्हणाली. तेवढं मात्र तिनं केलं, दिवसभर उंबऱ्यात बसून राहिली.

तो दिवस मी फळीवरून बघितला. पोर दारापर्यंत जायची, ओढणी ताणली की पडायची. पुन्हा उठायची. दुपारनंतर तिनं दाराकडे जायचं सोडून दिलं, बाजेच्या पायाशीच बसली. पोरीच्या रडण्यानं मी जेवढा हललो नसतो, तेवढा त्या गप्प बसण्यानं हललो.

शुक्रवारी संध्याकाळी ताईंनी सगळ्या घरांना डबे घेऊन समाजमंदिरात बोलावलं. बत्तीस डबे ओळीनं मांडले. ज्यांच्याबरोबर मी एका भंगारातून आलो, ते आता एकमेकांकडे चोरासारखे बघत होते. माणसंही तशीच. माझ्या तळाच्या सांध्यात तीन गुलाबी दाणे अडकून बसलेले. ताई एकेका डब्यात बॅटरी मारत येत होत्या. माझ्या आधी चार डबे उरले होते.

तेवढ्यात रूपालीच्या कडेवरच्या अक्षताचा पाय त्यांना दिसला. घोट्याभोवती लाल वळ.

ताई थांबल्या. "बांधून गेल्तीस?"

रूपालीनं मान हलवली.

"मी पण बांधायची," ताई म्हणाल्या. "नऊ महिने. कामावर न जाऊन भागायचं न्हाई. लेक आता तिशीची झाली, पण तिच्या त्या पायाला मला हात लावू देत न्हाई. आता कोणी विचारतं का, की मी का फिरते?"

रूपालीनं खाली वाकून मलाच उचललं.

"ताई, बॅटरी बंद करा. रंग मीच लावला. विष न्हाई, वडीतला रंग आहे. तुम्ही ज्वारी इकता का, हे बघायचं होतं मला."

मग जो गलका उठला तो सांगत नाही. धम्मपाल खाली बघत होता. झुंबरबाई सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, "वडीतला रंग असंल तर खाऊन दाव ना."

रूपालीनं केसातला चाप काढला आणि माझ्या सांध्यातला एक दाणा उकरून तोंडात टाकला. ताईंनी दुसरा मागून घेतला. दोघी एकमेकींकडे बघत चावत राहिल्या. बाकीचे आता काय होतं म्हणून वाट बघत बसले. काही झालं नाही.

"मोंढ्यात जाते मी," ताई दाणा गिळून म्हणाल्या. "दर महिन्याला दोन कट्टे ज्वारी देते अन् बदल्यात तूरडाळ आणते. लेकरांनी नुसती भाकर खायची का? पण ते तुम्हाला सांगायला पाह्यजे होतं. ती माझी चूक."

झुंबरबाईनं पदर सारखा केला. "डाळ पिशवीतच येती म्हना," ती पुटपुटली.

आता रविवारी पोतं समाजमंदिराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर रिकामं होतं. मोंढ्यात ताईंबरोबर दर वेळी वेगळी आई जाते. रविवारच्या फेरीत रूपालीही असते. परवा एका घरातली नवी सून तिला वरून खाली न्याहाळत म्हणाली, "पगार न्हाई? मंग कशाला फिरता?" रूपालीनं अक्षताचा पाय पुढं केला नाही. "आमच्यासंगं मोंढ्यात चल, बघ," एवढंच म्हणाली.

पण अठरातली सातच लेकरं परत आली आहेत. तो मेसेज अजून फिरतोय. गेल्या आठवड्यात भोकरदनकडून, धावडा गावच्या कुणा पाहुण्याकडून तो परत आला, आणि आता त्यात दोन लेकरं दवाखान्यात आहेत. अकरा आया अजून घरी आहेत, नाहीतर कामावर आहेत आणि घरात ओढणी बांधलेली आहे. कुठल्या घरात काय, ते मला फळीवरून दिसत नाही.

तिसरा दाणा माझ्या सांध्यातच आहे. रंग फिका झालाय. रूपाली मला घासते तेव्हा तेवढी जागा सोडून घासते.

मला बोटं नाहीत, मोबाइल नाही. तुम्हाला आहेत. माझ्यावर लगेच विश्वास ठेवा असं म्हणत नाही, रविवारी सकाळी वस्तीत या, दाणा दाखवतो, चावून बघा. आणि मग ज्या ज्या माणसाला तो पहिला मेसेज गेला, त्याला हे कळवा की ज्वारीत विष नव्हतं, एका आईची भीती होती, आणि पाळणाघराची खोली उघडी आहे.

पुढे पाठवा.