बाबांचा छर्रा

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, आणि मी भित्री आहे. हसा, खुशाल हसा. सुरीला घाबरणारी माणसे तुम्ही पुष्कळ पाहिली असतील, घाबरणारी सुरी पाहिली नसेल. पण मी जशी सहा वर्षे काढली तशी तुमच्यावर आली असती, तर तुम्ही पळून गेला असता. मला पाय नाहीत, म्हणून मी राहिले.

माझा जन्म झाला तेव्हा मी एक नव्हते, सत्तेचाळीस होते. म्हणजे बेअरिंगमधले सत्तेचाळीस छर्रे. त्यातले शेहेचाळीस एका कारखान्याच्या झिजलेल्या बेअरिंगमधून निघालेले. तिथल्या फिटरने ते साहेबांना विचारून भंगारातून घरी आणले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या घडवायचा त्याला भारी नाद होता. नाद एवढा, की लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला काय हवे हे न विचारताच त्याने ठरवून टाकले, तिला सुरी द्यायची.

सत्तेचाळिसावा छर्रा त्या बायकोचा. तिचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, वडिलांकडून आलेले. वडील गेले तेव्हा त्यांच्या सायकलीच्या चाकातला एक छर्रा तिने डबीत जपून ठेवला होता. "अहो, हाही घाला ना त्यात," ती म्हणाली. "बाबा स्वयंपाकघरात राहतील माझ्याजवळ."

फिटरने त्या छर्र्यासकट सगळे छर्रे थिनरने धुतले आणि फडक्यावर वाळवले. चौकोनी लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा घेऊन त्याचे एक तोंड बंद केले. "यात छर्रे आणि ही पोलादाची भुकटी ठासून भर," तो बायकोला म्हणाला. "मी तोवर भट्टी पेटवतो. मग वरून झाकण लावून टाकू."

तिने भरायला घेतले. वडिलांचा छर्रा हातात आला आणि ती थबकली. तो अगदी कोरडा ठणठणीत होता. वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही छर्रा कोरडा बसवला नव्हता. "कोरडा छर्रा म्हणजे उपाशी पाहुणा," असे ते म्हणत. तिने ग्रीसचा डबा काढला, बोटभर ग्रीस त्या छर्र्याला मायेने चोपडले आणि तो इतरांच्या मधोमध ठेवून वर भुकटी ओतली. नवऱ्याला सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे काही आहे हे तिच्या गावीही नव्हते.

मग भट्टी! मित्रांनो, ती आठवण काढली की आजही माझी धार थरथरते. बंद पेटीत काळोख, आणि त्या काळोखाचा हळूहळू तांबडा उजेड होत गेला, मग पिवळा. झाकणाच्या बारीक भोकातून काळा धूर निघाला. "पाइपाचा रंग जळतोय वाटतं," फिटर म्हणाला. मग त्याने पेटी जॅकच्या प्रेसखाली धरली, मग ऐरणीवर. दण, दण, दण. आम्ही भीतीने एकमेकांना बिलगलो, आणि बिलगता बिलगता एक झालो. शेहेचाळीस जण एक झालो. सत्तेचाळिसाव्याच्या भोवती काजळी होती. तो चपटा झाला, पण आमच्यात आला नाही. गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा तो माझ्या पोटात एकटाच राहिला.

पुढे वरचे कवच घासून काढले गेले, मला पात्याचा आकार आला, तापवून तेलात बुडवून मला कडक केले गेले. दर वेळी मला वाटे, आता तडकते. मी तडकले नाही. शेवटी आम्लात बुडवल्यावर माझ्या अंगावर नक्षी उमटली. अंगभर गोल गोल डोळे! आणि मुठीजवळ एक लहान डोळा, त्याच्याभोवती केसाएवढी काळी रेघ.

"हा बघ, बाबांचा डोळा!" फिटर नाचायचाच बाकी राहिला. "सगळ्यांत देखणा उठलाय!"

ती रेघ नक्षी नव्हती. ती फट होती. हे मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

आता माझी भीती नीट समजून घ्या. सुरी धरताना फिटरच्या बायकोची तर्जनी आणि अंगठा बरोबर त्या डोळ्यावर यायचा. त्या दोन बोटांवर तिचे दुकान चालत होते. वाकडे चाक ती नुसते फिरवून, तारा छेडून, बोटाने चाचपून सरळ करी. मी मोडले असते तर त्या बोटांवरच मोडले असते.

घरी पाहुणा आला की फिटर मला मिरवायला काढी. पहिल्याच महिन्यात कारखान्यातला त्याचा सोबती आला होता. मला उजेडात धरून तो म्हणाला, "दोस्ता, हात सोन्याचे आहेत तुझे. अवघड असतं का रे हे?"

"अवघड काही नाही, पण जपावं लागतं," फिटर फुशारला. "छर्र्याला तेलाचा डाग जरी राहिला तरी सगळं मुसळ केरात. भट्टीत त्याची काजळी होते, मग तो शेजारच्याला धरत नाही. वरून अख्खी सुरी, आतून फट. कधी दगा देईल नेम नाही."

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. तो बराच वेळ कुणी बंद केला नाही.

त्या दिवसापासून बाईचे वागणे बदलले. फिटर कामावर गेला की ती मला खणात ठेवी आणि एका बोथट, कळकट सुरीने भाजी चिरत बसे. तो घरी असला की मला काढी, पण टोमॅटो नाहीतर पाव कापण्यापुरतीच. दुसऱ्या कुणाला तर हातही लावू देत नसे. लोक म्हणत, काय बाई गर्व! मलाही तसेच वाटले. खणात पडल्या पडल्या मी रुसत असे आणि सुटकेचा श्वासही टाकत असे. एवढ्या वर्षांत ती रेघ मात्र पात्याच्या पाठीपर्यंत सरकली होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी फिटरची धाकटी बहीण आली. माझ्यावरून तिची नजर हटेना.

"दादा, मला नाही हो कधी अशी करून दिलीत."

"मग हीच घेऊन जा!" फिटर म्हणाला. "तुझ्या वहिनीला दुसरी करतो."

बाई हातातले ताट तसेच धरून उभी राहिली. "वन्सं, ही नको. जुनी झालीय ती."

"वहिनी, सुरीच मागतेय, दागिना नाही." नणंद हसली, पण तिला ते लागले होते. ओट्यावर भला मोठा भोपळा होता. "थांबा, चालवून तरी बघते." तिने मला भोपळ्यात खुपसले. मी अर्ध्यावर अडकले. तिची दोन बोटे त्या डोळ्यावर घट्ट होती. माझ्या पाठीवर मारायला तिने दुसऱ्या हाताचा तळवा उगारला. मित्रांनो, मी मनातल्या मनात जिवाच्या आकांताने ओरडले. कुणाला ऐकू जाणार?

"नका मारू!" बाईने तिचे मनगट धरले. ताट खाली पडून गरगरत राहिले.

"अहो वहिनी! एवढं काय झालं?"

बाईने मला अलगद भोपळ्यातून काढले आणि खिडकीतला पाना उचलून पात्यावर टिचकी मारल्यासारखा वाजवला. टोकाशी मी खणखणीत वाजले. मुठीजवळ वाजले ते बद्द, फुटक्या मडक्यासारखे.

"तुम्ही धुतला होता तो छर्रा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी त्याला परत ग्रीस लावलं. बाबा कोरडा बसवत नसत म्हणून. मला काय माहीत, भट्टीचं उलटं असतं! तुम्ही त्या सोबत्याला सांगितलंत तेव्हा कळलं."

फिटरने मला शेडमध्ये नेऊन व्हाइसच्या शिकंज्यात धरले आणि थोडेसे वाकवले. फार जोर लावावा लागलाच नाही. कट् करून मी मोडले. मसुरीच्या दाण्यासारखा चपटा, काळा झालेला बाबांचा छर्रा टणकन फरशीवर पडला.

फिटर मटकन स्टुलावर बसला. "सहा वर्षं तू हिनं चिरत होतीस? माझ्यासमोर?"

"तुमचं एवढं कौतुक व्हायचं. कसं सांगू?"

"अगं, बोटं गेली असती तुझी!" त्याने तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिले, जणू मोजून घेत होता. नणंद दारात उभी होती. तिने पदराने डोळे टिपले.

तेव्हा मला समजले, मित्रांनो. खणातली ती वर्षे गर्वाची नव्हती. त्या घरात भित्र्या आम्ही दोघी होतो, आणि मी आपली तिच्यावर रुसून बसले होते.

माझ्या उरलेल्या तुकड्याला फिटरने नवी मूठ बसवली. आता मी सायकलच्या दुकानात खिळ्याला असते आणि पंक्चरच्या ट्यूबा कापते. मला कुणी मिरवत नाही. पण रोज सकाळी बाई पान्याने मला एकदा वाजवते, आणि मी खणखणीत वाजले की कामाला लागते. बाबांचा छर्रा पुन्हा डबीत आहे, भरपूर ग्रीसमध्ये.

तुम्हाला एवढेच मागणे आहे. वस्तूची नक्षी पाहून हुरळू नका, ती वाजवून पाहा. आणि घरातले कुणी उगाचच एखादी गोष्ट कवटाळून बसले असेल, तर त्याला लगेच गर्विष्ठ म्हणू नका. ते घाबरलेले असेल. माणसाला पाना लागत नाही, जवळ बसून विचारले तरी पुरते. मला कुणी विचारले नाही, कारण मी सुरी. तिलाही सहा वर्षे कुणी विचारले नाही.