पुढच्या ब्रेकचा आवाज

माझ्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक ओरडत होता आणि नांदेडच्या शोरूममधला सुपरवायझर मला सांगत होता की मी बोटं चुकीची ठेवते.

हे मी चौथ्यांदा ऐकत होते. आमच्या डोंगरकडा गावाहून रजा टाकून चारदा गेले, आणि चारही वेळा त्या माणसानं गाडीच्या आधी माझ्या हातांकडं बघितलं. "मॅडम, लेडीजचं असंच असतं. भीती वाटते म्हणून ब्रेकवर बोटं ठेवूनच गाडी चालवता. पॅड घासत राहतात, मग आवाज येतो. गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही."

मी म्हटलं, "मी ब्रेकवर बोटं ठेवत नाही. आणि आवाज रोज सारखा नसतो. शनिवारी सगळ्यात जास्त येतो, मग बुधवार-गुरुवारपर्यंत कमी होत जातो."

तो शेजारच्या मेकॅनिककडं बघून हसला. "गाडीला वार कळायला लागले का, मॅडम? ते आमच्यावर सोडा. तुम्ही नका एवढा विचार करू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कळमनुरी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. जनावर बोलत नाही, म्हणून आमचं निम्मं काम मालकाला विचारण्यातच जातं. कधीपासून रवंथ करत नाही, काल काय खाल्लं, पाणी कुठलं पाजलं. मालक कसाही असो, त्याला विचारल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही. आणि हा माणूस चारशे सीसीच्या गाडीच्या ब्रेकबद्दल मला एक प्रश्न विचारायला तयार नव्हता. दर वेळी ते चाक खोलायचे, पॅड घासायचे, गाडी धुऊन चकाचक करून माझ्या हातात द्यायचे. चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा शनिवार यायचा.

आवाज म्हणजे तरी कसा? स्टीलच्या ताटावरून चमच्याचं टोक ओढावं तसा. दात शिवशिवायचे. बसस्टँडवर गाडी थांबवली की पानटपरीवरची माणसं कानावर हात ठेवून हसायची. गाडी घेतली तेव्हापासून त्यांना माझा विषय पुरत होता. पोरीनं स्कुटी घ्यावी, असं सगळ्या गावाचं एकमत होतं. बाबांचं, म्हणजे व्यंकटरावांचं, मत गावाहून वेगळं नव्हतं. आईनं मात्र काहीच म्हटलं नव्हतं. गाडी आणायला ती शोरूमला आली होती. तिथं गाडीभोवती एक चक्कर मारली, विकणाऱ्या पोराला कायतरी विचारलं आणि नारळ फोडला. माझी आई, गोजरबाई, तशी कमीच बोलते.

शोरूमवाले ऐकत नाहीत म्हणून मी वही घातली. तारीख, वार, किती वेग होता, ब्रेक हळू दाबला की जोरात, सगळं लिहायला लागले. एकदा संध्याकाळी पायरीवर बसून लिहीत होते, तर आई दिवाबत्ती करायला बाहेर आली आणि माझ्याजवळ थांबली.

"पियू, त्या आवाजाचं मला असं वाटून राहिलं का..."

"आई, ते डिस्क ब्रेकचं आहे. तुला नाही कळायचं," मी मान वर न करताच म्हटलं. ती दिवा घेऊन आत गेली आणि मी शनिवारच्या आकड्यांखाली लाल रेघा मारत बसले.

चौथ्या फेरीनंतरच्या शनिवारी व्हायचं ते झालं. कळमनुरीच्या रस्त्यावर एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी किंचाळली, पण वेग उतरेना. मागच्या ब्रेकवर कशीबशी सावरले. म्हशीच्या शेपटीचा फटका आरशाला बसला, इतक्या जवळून गाडी गेली. म्हशीवाल्यानं संध्याकाळच्या आत बाबांना गाठलं.

जेवताना बाबा म्हणाले, "लय झालं. पुढच्या इतवारी हट्टा गावचा एक जण गाडी बघाया येऊन राहिला. त्याला देऊन टाकू."

"गाडी माझ्या पगाराची आहे, बाबा."

"जीव बी तुझाच हाय. ब्रेक लागंना त्या गाडीवर लेकरू धाडू का मी?"

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पोरीला झेपली नाही म्हणून विकली, हेच सगळे म्हणणार होते. तो सुपरवायझर तर मान डोलावून म्हणणार होता. त्या आठवड्यात मी थेट कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य होतं, 'चार वेळा येऊनही मला कोणी एक प्रश्न विचारला नाही.' ते लिहून मला फार बरं वाटलं.

पण पत्रानं ब्रेक लागत नसतो. इतवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी गाडी पुन्हा तशीच ओरडली, तेव्हा मी ती तांड्याच्या फाट्याकडं वळवली. तिथं वसरामकाकांचं पत्र्याचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा त्यांच्याकडं येतात. गाडी घेऊन सात महिने झाले होते, त्यात मी एकदाही तिथं गेले नव्हते. खरं सांगायचं तर मलाच वाटत होतं, ट्रॅक्टरच्या माणसाला या गाडीचं काय समजणार. आता दुसरा रस्ता उरला नव्हता.

वसरामकाकांनी गाडीला हात लावला नाही. एक डबा पालथा करून मला बसायला दिला आणि स्वतः चाकापाशी उकिडवे बसले.

"आवाज कवा येतो, ताई? सकाळच्या पारी का गाडी गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळा. सकाळी जास्त."

"हळू दाबल्यावर का जोरात?"

"हळू दाबल्यावर. जोरात दाबला तर आवाज कमी, पण पकडत नाही."

"नेम कोन्त्या दिसाचा हाय का काही?"

सात महिन्यांनी कोणीतरी विचारलं होतं. मी वही काढली. "मले वाचता येत न्हाई, तुमीच वाचा," ते म्हणाले. मी वाचत गेले आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मधेच त्यांनी हात वर केला.

"शनवारी काहून?"

"तेच तर कळत नाही, काका."

"मंग सुक्रवारी काय करता गाडीचं?"

"काहीच नाही. घरी येते, अंगणात लावते, आंघोळीला जाते."

त्यांनी ब्रेक खोलला आणि पॅड माझ्या हातावर ठेवला. पॅडचा घासणारा भाग वरवंट्याच्या पाट्यासारखा खरखरीत असतो. हा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मग ते डिस्ककडं वळले. चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या पोलादी चकतीला भोकं असतात, गरमी आणि पाणी निघून जावं म्हणून. वसरामकाकांनी कुंपणाचा एक बाभळीचा काटा मोडून आणला आणि एका भोकात घालून फिरवला. काट्याबरोबर लाल-पिवळा लगदा बाहेर आला. दुसऱ्या भोकातूनही तेच निघालं. त्यांनी बोटांवर चोळून वास घेतला आणि हात माझ्यापुढं धरला. तिळाचं तेल, हळद आणि कुंकू.

"गाडीत खोट न्हाई, ताई," ते म्हणाले. "कोन्हीतरी लय मायेनं तेल लावून राहिलं ब्रेकला. भोकात साचतं, गरम झालं का झिरपतं. वरून कितीबी पुसा, उपेग न्हाई."

तळपायाची आग मस्तकात गेली. घरात हळद-कुंकू लावणारी एकच, आई; पण तिची आग नंतर. आधी त्या शोरूमची. चारदा चाक खोललं होतं त्यांनी. पुसणाऱ्याची बोटं चारदा लाल झाली असणार. मॅडम, हे काय आहे, एवढं एक वाक्य बोलायला कोणाची जीभ झडली नसती. पण लेडीजची बोटं चुकतात हे एकदा ठरल्यावर भोकात कोण बघतो?

वसरामकाकांनी सगळी भोकं काट्यानं कोरली, डिस्क स्पिरिटनं धुतली, पॅड घासून दिले. "हे पॅड तेल पिलेले हायत. आज मागच्या ब्रेकवर सावकाश घरी जा, नवे आणा, मी बसवून देतो," असं बजावून त्यांनी तो लगदा कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला.

घरी बाबा बाजेवर चहा पीत होते. आई सुपात तूर निवडत होती. मी तिच्यापुढं पुडी उघडली. "हे काय आहे?"

"कुंकू," आई म्हणाली.

"चाकाला कोणी लावलं?"

"मी. दर सुक्रवारी लावते. तू न्हायाला गेली का हळद-कुंकू आन् दिव्यातलं तेल."

"अगं पण चाकालाच काहून?"

"गाडी आणली त्या दिशी मी त्या पोराला इचारलं, बाबा, ही थांबती कशानं? पळती कशानं ते मला काय करायचं? त्यानं त्या भोकाच्या चकतीला बोट लावून दावलं. मंग मी तिलाच हात जोडत आले. माझ्या लेकराला थांबवून घरी आणती ती चकती."

बाबांनी कप खाली ठेवला. "घ्या आता. सपष्टच झालं. मी म्हनतच व्हतो, ही गाडी आपल्या घरातली न्हाई."

"तुम्ही दर शुक्रवारी इथंच बसलेले असता, बाबा. तुमच्या डोळ्यांदेखत ती चाकाला तेल लावत होती. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"बायांच्या पूजेत मी काहून ध्यान घालू?"

मी आईकडं वळले. राग अजून संपला नव्हता. "आणि तू? सात महिने लावत होतीस, एकदा सांगायचं तरी."

आईनं सूप बाजूला सारलं आणि ती उठून उभी राहिली. मी तिला इतकं चिडलेलं आजवर पाहिलं नव्हतं.

"सांगायचं? आले व्हते मी सांगाया. सुक्रवारी तेल लावलं का शनवारी वरडती, हे मला चौथ्याच सुक्रवारी कळलं व्हतं. मला वाटलं, माझं कायतरी चुकून राहिलं, देवीला कमी पडून राहिलं. म्हनून मी तेल जास्त लावाया लागले. तुला इचारावं म्हनून आले, तं तू म्हनलीस, तुला न्हाई कळायचं. तालुक्यातल्या एकेका म्हशीच्या मालकाला इचारत फिरतीस तू. मला काहून न्हाई इचारलं?"

मी पुडी हातात धरून उभी राहिले. मला शरम वाटली. इतकी की बाबांशी भांडायचं बळही राहिलं नाही. पण ते भांडण आईनंच उरकलं. "हट्ट्याच्या पावन्याला फोन लावा, येऊ नको म्हनावं," ती त्यांना म्हणाली. "चूक माझी हाय, गाडीची न्हाई." बाबांनी थोडी कुरकुर केली, पण फोन लावला.

पुढच्या आठवड्यात वसरामकाकांनी नवे पॅड बसवले. आई माझ्यामागं बसून गॅरेजवर आली होती. कुंकू कुठं चालतं आणि कुठं नाही, हे तिनं त्यांना बोट लावून दाखवायला लावलं. येताना मी फाट्यावर ब्रेक दाबला. गाडी जिथल्या तिथं थांबली आणि कसलाही आवाज आला नाही.

पत्र मी पाठवणारच होते. त्या शोरूमनं केलं ते केलंच होतं, आणि 'मला कोणी एक प्रश्न विचारला नाही' हे पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून तसंच ठेवलं. पाकिटात घालत होते तर आई हात पुसत येऊन समोर बसली. "काय लिहिलंस, वाचून दाव बरं मला," ती म्हणाली.

मी दुसऱ्या वाक्यापासून वाचायला सुरुवात केली.