पाठीवर शिवलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. इंग्रजीतला, तीन अक्षरांचा: बॉय. तुम्ही मला पहिलीच्या पुस्तकात पाहिलं असेल, एका मुलाच्या चित्राखाली. तिथं मी सुखात असतो.

माझा जन्म कुठं झाला, हे मला ठाऊक नाही. भाषा अभ्यासणाऱ्यांनी खूप शोध घेतला. कुणी म्हणतात, फ्रान्सकडं बेडी घातलेल्या माणसासाठी एक शब्द होता, त्यातून मी आलो. कुणी म्हणतात, तान्ह्या बाळानं भावाला मारलेल्या बोबड्या हाकेतून आलो. दोन्हींना पुरेसा पुरावा नाही, म्हणून मीही त्यातलं काहीच खरं धरत नाही. एवढं मात्र नक्की, की शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडात माझा अर्थ ‘नोकर’ असा होता आणि मला कुणी आदरानं उच्चारत नसे. पुढं हळूहळू मी ‘मुलगा’ झालो. आईबापांनी मला कडेवर घेतलं. जुना अर्थ मागं पडला, असं मला वाटलं. पण साहेबलोक हिंदुस्थानात आले आणि पांढऱ्या मिशांच्या खानसाम्यालाही माझ्याच नावानं हाका मारू लागले. शब्दाला विचारतो कोण?

हल्ली मी धाराशिवात असतो. केशकर्तनालयात बॉयकट म्हणून. चौकातल्या फ्लेक्सवर ‘बर्थडे बॉय’ म्हणून. फोटोतल्या गृहस्थांनी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते हौसेनं मला मिरवतात.

माझी तक्रार वेगळी आहे.

इथल्या एका खासगी दवाखान्यात बब्रुवान काम करतात. रुग्णाला स्ट्रेचरवर घ्यायचं, उचलून बसवायचं, कूस बदलून द्यायची. येडशीहून एसटीनं येतात. घरी नातवंडं आहेत. आपल्याकडच्या दवाखान्यांत एक रीत आहे: असं काम करणारा पुरुष सगळ्यांचा मामा आणि बाई सगळ्यांची मावशी. नाव माहीत असायला लागत नाही. कण्हणारा माणूस ‘मामा’ म्हणतो आणि मामा येतात.

यंदा कृष्णराज नावाचे तरुण व्यवस्थापक रुजू झाले. त्यांना मोठ्या शहरातल्यासारखी शिस्त हवी होती. त्यांनी निळे सदरे शिवून घेतले. पुरुषांच्या पाठीवर लाल दोऱ्यानं मला भरलं, बायकांच्या पाठीवर ‘आया’.

“कामावर नातीगोती नकोत,” ते म्हणाले. “बॉय म्हटलं की बॉयनं यायचं. ज्याला सदरा नको, त्यानं घरी बसायचं.”

बब्रुवान मामांना घरी बसणं परवडणारं नव्हतं. त्यांनी सदरा घातला. मी पाठीवर होतो, त्यामुळं मला त्यांचा चेहरा दिसत नसे. पण हाक आली, की पाठीचे स्नायू कसे आवळतात, ते मला कळत होतं.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी सदरा धुवायला घेतला.

“ह्ये काय लिवलंय पाठीवर?”

“बॉय.”

“म्हंजी?”

“पोरगा.”

सत्यभामाबाईंना हसू आवरेना. “मग काजळतीट करू का पोराला?”

मामा हसले नाहीत. “माझ्या लेकाच्या वयाचा हाय त्यो साहेब. त्यो हाक मारतो आन् म्या पळतो.”

सत्यभामाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी सुई आणली. “उसवू का?”

“कामावरनं काढतील.”

“त्ये न्हाय इचारलं म्या. उसवू का?”

मामांनी सदरा पालथा करून पाठ वर केली. मग म्हणाले, “उसव.”

मित्रांनो, सुईचं टोक माझ्या पोटात शिरलं, तेव्हा मला दुखलं नाही. बोलता आलं असतं, तर मी ‘लवकर’ म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी कृष्णराजांनी मामांना दारातच अडवलं. “पाठीवरचं नाव कुणी काढलं?”

“म्या.”

“सदरा दवाखान्याचा आहे.”

“सदरा दवाखान्याचाच हाय, साहेब. पाठ माझी हाय.”

“ठीक. मी दुसरा माणूस बघतो. तो मिळेपर्यंत या.”

कडूबाई मावशी तिथंच फरशी पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचीही पाठ कोरी होती. “आया म्हणं! आईबापानं ठिवलेलं नाव काय कमी हाय का?” असं त्या जाता येता सगळ्यांना ऐकवत होत्या. आठवडाभरात साऱ्या पाठी कोऱ्या झाल्या.

मग सोलापूरहून टेम्पो आला. त्यात एक्स-रे मशीनचं भलंमोठं खोकं होतं. मामा आणि त्यांचे सोबती पायरीवर चहा पीत होते.

“बॉय! चला, उचला!” कृष्णराज म्हणाले.

कुणी वळून पाहिलं नाही. तेवढ्यात आतून एका म्हातारीचा बारीक आवाज आला, “मामा, कूस बदलायचीय.” बब्रुवान मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते आत गेले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

“बॉय!”

टेम्पोवाला म्हणाला, “साहेब, हितं पोरगं कुटं दिसंना. समदी मिशीवालीच हायती.”

कृष्णराजांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. या वेळी मी त्यांच्या जिभेवरच बसून राहिलो. त्यांनी ढकललं, तरी मी बाहेर पडलो नाही.

मामा हात पुसत परत आले. कृष्णराज त्यांच्याकडं पाहत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मामा, जरा हात लावता का?”

“लावतो की. लई जड दिसतंय पर. एक कोपरा तुमी बी धरा, साहेब.”

कृष्णराजांनी कोपरा धरला. दुसरा माणूस बघण्याची गोष्ट नंतर निघाली नाही.

मित्रांनो, माझं मूळ मला सांगता येत नाही. पण माझा अर्थ रोज तुमच्या तोंडात ठरतो. तेव्हा मला जपून वापरा. तुमच्या वर्गातल्या, गल्लीतल्या पोरांसाठी मला खुशाल बोलवा, मी धावत येईन. पण ज्यांच्या अंगाखांद्यावर नातवंडं खेळतात, अशा माणसाला माझ्या नावानं हाक मारायला गेलात, तर आत्ताच सांगून ठेवतो: मी येणार नाही.